'मिश्री लावता का?' एवढे तरी विचारा!

गेल्या वर्षी उन्हाळ्यात अंबरनाथच्या एका वस्तीतील आमची एक भगिनी उल्हासनगरच्या कोर्टाबाहेर मला भेटायला आली. 'जय भीम, वकीलसाहेब' म्हणाली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून तिने टेबलावर मांडले. एक बिल, एक एक्स-रे, औषधांच्या दोन चिठ्ठ्या आणि इंग्रजीत छापलेला एक फॉर्म. त्या इंग्रजी फॉर्मच्या तळाशी तिची मराठीतली सही. बिल १९ हजार रुपयांचे. बदलापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगचे काम करणाऱ्या बाईचा हा पावणेदोन महिन्यांचा पगार झाला. पैसे बचत गटातून उचललेले, हप्ते अजून चालू.

तिच्या खालच्या पुढच्या दोन दातांची हिरडी खाली सरकली होती आणि मुळे उघडी पडली होती. पाणी लागले की कळ मस्तकात जायची. आपल्या या तीन शहरांतील एका खासगी दवाखान्यात तिच्या हिरडीवर शस्त्रक्रिया झाली. आत 'विरघळणारा पडदा' बसवला, असे तिला सांगण्यात आले. टाके निघाले, दोन महिने बरे गेले, तिसऱ्या महिन्यात हिरडी पुन्हा होती तिथे. 'दादा, मला फसवलं का हो?' हा तिचा प्रश्न होता.

मी वकील आहे, डॉक्टर नाही. म्हणून आधी माहिती घेतली, मग त्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर तरुण निघाले, स्वतः भेटायला आले. म्हणाले, 'साहेब, शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली होती. पण या बाई तंबाखू वापरतात, हे त्यांनी लपवलं.' मी फॉर्म पुढे केला. त्यावर इंग्रजीत छापले होते, तंबाखूचे व्यसन, होय किंवा नाही. 'नाही'वर खूण होती. खूण दवाखान्यातल्या मुलीने केलेली.

मी ताईंना विचारले, 'तुम्ही तंबाखू खाता?' त्या ठामपणे म्हणाल्या, 'छे हो. मी नाही खात तंबाखू. मिश्री लावते फक्त.'

माझ्या मते सगळी गोष्ट या एका वाक्यात आली. ताई खोटे बोलल्या नव्हत्या. आमच्या वस्त्यांत मिश्रीला कोणी तंबाखू म्हणतच नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची, डबीत भरायची आणि सकाळी, दुपारी, रात्री बोटाने हिरडीवर घासायची. याला आमच्या आया-बहिणी 'दात घासणे' म्हणतात, व्यसन म्हणत नाहीत. डॉक्टरने विचारले तंबाखूबद्दल, बाईने उत्तर दिले तंबाखूबद्दल. 'मिश्री लावता का?' हा तीन शब्दांचा प्रश्न कोणी विचारला नाही आणि त्यापायी १९ हजार रुपये व एक शस्त्रक्रिया पाण्यात गेली.

हा एका बाईचा किस्सा म्हणून सोडून देता येणार नाही. त्यासाठी हा आजार काय आणि हा उपचार काय, ते आपण आपल्या भाषेत समजून घेतले पाहिजे.

हिरडी का सरकते?

हिरडी दाताच्या मानेला घट्ट बिलगून असते. ती मुळाच्या दिशेने सरकली की दात लांब दिसू लागतो. मुळावर दाताच्या वरच्या भागासारखे कठीण कवच नसते, म्हणून थंड-गरम झोंबते आणि मूळ किडायला वेळ लागत नाही. कारणे अनेक आहेत. कडक ब्रशने आडवे घासणे, दातांवर साचलेले किटण, मुळातच पातळ हिरडी, वाकडे आलेले दात, आणि तंबाखू. तंबाखूची चिमूट गालात किंवा ओठात ज्या जागी रोज धरली जाते, नेमकी तिथलीच हिरडी खाली गेलेली डॉक्टरांना दिसते. मिश्रीत तर तंबाखूही आहे आणि घासणेही आहे. म्हणजे दुहेरी मार.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा लोक धूरविरहित तंबाखू वापरतात, असे आढळले. ओढणाऱ्यांच्या कितीतरी पट चघळणारे आणि घासणारे. आपल्या तीन शहरांत हे चघळणारे कोण आहेत, ते सांगायला सर्वेक्षण लागत नाही. नाल्यात उतरणारा सफाई कामगार दुर्गंधी सोसावी म्हणून चिमूट धरतो. बारा तासांच्या पाळीचा कंत्राटी कामगार झोप येऊ नये म्हणून धरतो. घरकाम करणारी बाई भूक मारायला मिश्री लावते. हा माणसाच्या स्वभावाचा दोष म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मुळात तो त्या कामाचा आणि त्या मजुरीचा दोष आहे.

पडदा करतो काय?

आता शस्त्रक्रिया. भूल देऊन हिरडी अलगद उचलतात, उघडे मूळ स्वच्छ करतात, हिरडी वर ओढून मूळ झाकतात आणि टाके घालतात. पण नुसती हिरडी वर आणून भागत नाही. ती मुळाला नीट चिकटली पाहिजे, आणि अडचण तिथेच आहे.

उल्हासनगरच्या वाचकाला हे एका उदाहरणात कळेल. मोकळ्या भूखंडावर ज्याचे पत्रे आधी लागतात, त्याचा कब्जा होतो. खरा मालक कागदपत्रे घेऊन मागून येतो. जखमेतही तसेच होते. हिरडीच्या वरच्या कातडीच्या पेशी वेगाने वाढतात आणि जागा बळकावतात. दाताला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंच्या आणि हाडाच्या पेशी हे खरे मालक, पण ते सावकाश येतात. म्हणून मधे पडदा घालतात. पडदा म्हणजे भूखंडाभोवतीची भिंत. तेवढ्या अवधीत खरे मालक आपली जागा घेतात.

१९७६ साली मेल्चर या संशोधकाने मांडले की, मुळावर कोणत्या पेशी आधी पोहोचतात यावर जखम कशी भरणार ते ठरते. १९८२ मध्ये स्वीडनमधील निमन, लिंडे, कॅरिंग आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या दातावर त्याचा प्रयोग केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांनी पडदा म्हणून वापरली ती प्रयोगशाळेतली गाळणी! पुढे टेफ्लॉनच्या जातीचे पडदे आले. ते विरघळत नसत, त्यामुळे काही आठवड्यांनी पुन्हा हिरडी कापून पडदा काढावा लागे. म्हणजे एका दातासाठी दोन शस्त्रक्रिया. १९९० च्या दशकात विरघळणारे पडदे वापरात आले आणि ही दुसरी शस्त्रक्रिया टळली. त्यातले काही विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्याच्या जातीच्या कृत्रिम पदार्थाचे असतात, तर बरेचसे कोलॅजेनचे. काही आठवडे ते काही महिन्यांत शरीरच ते जिरवून टाकते.

कोलॅजेन म्हणजे काय? जनावराच्या कातड्यात आणि स्नायूबंधात असणारे प्रथिन. गाय-बैलांपासून आणि डुकरापासून ते काढतात. स्वित्झर्लंडच्या गाइस्टलिख कंपनीचा जगभर वापरला जाणारा बायो-गाइड हा पडदा डुकराच्या कोलॅजेनचा आहे. जरा विचार करा. मेलेले जनावर ओढले, कातडे सोलले, म्हणून आमच्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवले. त्याच कातड्यातले कोलॅजेन प्रयोगशाळेत शुद्ध झाले, चकचकीत पाकिटात आले, आणि आता ते कुणाच्याही तोंडात चालते. फक्त खिशात पैसे हवेत. विज्ञानाला विटाळ कळत नाही, ही आनंदाची गोष्ट. पण ज्यांनी कातडे सोलले त्यांच्या नातवंडांपर्यंत तो पडदा का पोहोचत नाही, आणि पोहोचला तर तो कशाचा आहे हे त्यांना का सांगितले जात नाही, हा प्रश्न उरतोच. मुस्लिम रुग्णाला डुकराचा पडदा नको असेल, सिंधी किंवा जैन रुग्णाला गाईचा नको असेल. आम्हाला चालेलही. पण चालेल की नाही हे आमच्या तोंडाने ठरू द्या!

महाग म्हणजे उत्तम नव्हे

इथे आणखी एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असलीच पाहिजे. उघडे मूळ झाकण्याचा पडदा हा एकच मार्ग नाही. टाळूच्या कातडीखालचा मऊ भाग काढून तो हिरडीखाली बसवण्याची पद्धत १९८५ पासून प्रचलित आहे. जगभरच्या अभ्यासांचे एकत्र परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यातही मूळ झाकणे आणि हिरडीला जाडी देणे या कामात रुग्णाच्या स्वतःच्या टाळूचे कलम सरस ठरलेले दिसते. त्यात पडद्याचा खर्च नाही. मात्र टाळूला दुसरी जखम होते, काही दिवस खाताना दुखते. पडद्यात ती दुसरी जखम टळते, हा त्याचा खरा फायदा. पण पडदा भरणाऱ्या जखमेतून बाहेर उघडा पडला तर जंतुसंसर्ग होऊन काम बिघडते.

म्हणजे दोन्हींत काही मिळते, काही सोसावे लागते. निवड करणे रुग्णाचा अधिकार आहे. पण निवड करायला आधी दोन्ही समोर ठेवावे लागतात. आमच्या ताईंसमोर एकच ठेवले गेले.

आणि काही गोष्टी तर शस्त्रक्रियेपूर्वीच सांगायला हव्यात. दोन दातांच्या मधले हाड आणि हिरडी शाबूत असेल, तर मूळ पूर्ण झाकले जाण्याची आशा असते. ते झिजले असेल तर पूर्ण झाकले जाणार नाही, कितीही महागडा पडदा आणा. तंबाखू चालू असेल किंवा मधुमेह आटोक्यात नसेल, तर जखम नीट भरत नाही. आधी किटण काढून तोंड स्वच्छ करायचे, घासण्याची पद्धत सुधारायची, व्यसन थांबवायचे आणि मग शस्त्रक्रियेचा विचार. हा क्रम आहे. बऱ्याच वेळा पहिल्या पायऱ्यांवरच झीज थांबते आणि शस्त्रक्रियेची गरजही पडत नाही.

आमच्या वाट्याला पक्कड

माझी आई मिश्री लावायची. उल्हासनगरच्या कॅम्पात आमचे बालपण गेले. आईची हिरडी दुखली की ती एका दवाखान्यात जायची आणि एक दात कमी होऊन यायची. हिरडीला उपचार असतो, हे तिला त्या वीस वर्षांत एकदाही कोणी सांगितले नाही. पन्नाशीत तिचे तोंड बोळके झाले होते. ज्वारीची भाकरी आमटीत भिजवून, कुस्करून ती गिळायची. आम्ही चौघे भावंडे समोर बसून कांदा कडाकडा चावायचो. ती हसायची, पण पदर तोंडावर धरून. लग्नाकार्यात फोटो काढायची वेळ आली की ती मागे सरकायची. दात हे केवळ चावण्याचे साधन नाही. माणसाने चारचौघांत तोंड उघडून बोलावे, हसावे, यासाठीही ते लागतात. ज्या समाजाला शतकानुशतके तोंड उघडू दिले नाही, त्या समाजाने तरी दाताला क्षुल्लक समजू नये.

आज चित्र असे आहे. एका टोकाला पक्कड, दुसऱ्या टोकाला पडदा. फुकट मिळते ती पक्कड आणि कर्ज काढून मिळतो तो पडदा. मधला जो खरा उपचार आहे, म्हणजे वेळेवर तपासणी, किटण काढणे, मिश्री सोडायला मदत, आणि गरज असेल तरच शस्त्रक्रिया, तो कामगाराच्या वस्तीत कुणी आणतच नाही. शासकीय दंत महाविद्यालय मुंबईत सीएसएमटीजवळ, नायरचे दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला. तिथे हिरड्यांचे स्वतंत्र विभाग आहेत आणि खर्चही खासगीच्या मानाने कमी. पण बदलापूरहून लोकलने दीड तास जायचे, दीड तास यायचे, आणि हिरडीच्या उपचाराला एका खेपेत भागत नाही. चार खेपा म्हणजे चार खाडे. रोजंदारीच्या माणसाला दातासाठी चार खाडे परवडतात का?

कायदा काय सांगतो?

आता माझ्या धंद्याचे बोलतो. २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, नुसती सही म्हणजे संमती नव्हे. उपचार कोणता, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरे पर्याय कोणते आणि उपचार घेतलाच नाही तर काय होईल, ही पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती हीच खरी संमती. ज्या भाषेत माणूस वाचू शकत नाही, त्या भाषेतल्या कागदावर सही घेऊन ही माहिती दिली असे कसे म्हणता येईल? मराठी, हिंदी आणि सिंधी बोलणाऱ्या या शहरांत इंग्रजी फॉर्म कोणासाठी छापतात?

१९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २०१९ च्या नव्या कायद्यानंतर डॉक्टर त्यातून सुटले, असा दावा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवले. कामगार विमा रुग्णालयाची सेवाही, वर्गणी कापली जाते म्हणून, ग्राहक कायद्याखाली येते, हे २००७ च्या किशोरलाल खटल्यात ठरले आहे. तक्रार जिल्हा आयोगाकडे, दोन वर्षांच्या आत. डॉक्टरला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

पण दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार उपचार अपयशी ठरला, एवढ्यावरून डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. हिरडीची शस्त्रक्रिया चांगल्या हातांनी करूनही कधी कधी फसते. म्हणून उठसूट डॉक्टरच्या अंगावर धावून जाणे, दवाखान्याच्या काचा फोडणे हे आपल्याला शोभत नाही आणि कायद्यात बसतही नाही. ताईंच्या प्रकरणात शस्त्रक्रियेत चूक झाली असे मला दाखवता आले नसते. पण माहिती देण्यात चूक झाली, हे त्या इंग्रजी फॉर्मनेच सिद्ध केले असते.

मी त्या डॉक्टरांना एवढेच विचारले, 'तुम्ही मिश्रीचं नाव घेऊन विचारलंत का?' ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'कॉलेजात आम्हाला इंग्रजीतच हिस्टरी घ्यायला शिकवलं.' त्यांनी पडद्याचे पैसे परत केले आणि फॉर्म मराठीत छापून घेण्याचे कबूल केले. ताईंनी खटला करायचा नाही असे ठरवले. तो त्यांचा निर्णय. त्या डॉक्टरांनी शब्द पाळला. नवा फॉर्म मी पाहिला आहे. त्यात तंबाखूचा एक रकाना जाऊन पाच आले आहेत : मिश्री, गुटखा, मावा, खैनी, विडी-सिगारेट. एका बाईने विचारलेल्या प्रश्नाने एका दवाखान्याचा कागद बदलला. अशा दवाखान्यांची या तीन शहरांत गणती नाही.

आपण काय करायचे?

पहिले, प्रश्न विचारायचे. हिरडीची शस्त्रक्रिया सुचवली की विचारा : शस्त्रक्रियेशिवाय भागेल का? टाळूचे कलम की पडदा, आणि माझ्यासाठी तेच का? मूळ पूर्ण झाकले जाईल की थोडे? पडदा कशाचा? फसले तर पुढे काय? पडदा हे वैद्यकीय उपकरण आहे आणि २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार त्याच्या पाकिटावर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. ते लेबल आपल्या केसपेपरला चिकटवून मागा. शस्त्रक्रिया करणारे हिरड्यांचे तज्ज्ञ, म्हणजे पेरिओडॉन्टिस्ट आहेत का, हेही विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्ञान दाबून ठेवण्यावर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेविरुद्ध आपले आंदोलन उभे राहिले. दवाखान्यात गेल्यावर आपण मान खाली का घालतो?

दुसरे, शासनाकडे मागायचे. राज्यघटनेचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य सांगते. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा कलम २१ मधील जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असतानाच अदारकरांचा कामगार आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ साली आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कामगार विमा कायदा झाला. ही योजना आपल्याला कुणी भीक म्हणून दिलेली नाही. पगारातून वर्गणी कापली जाते. विमकोची माचिस फॅक्टरी बंद पडली, कायम कामगार कमी झाले, कंत्राटी वाढले. पण कंत्राटी कामगारही या विम्याखाली येतो. ताईंच्या पगारातून ही कपात होत होती! त्यांना विमा कार्ड कधी दिलेच गेले नाही आणि दातासाठी ते चालते का, हे विचारायचे त्यांना सुचलेही नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अंबरनाथच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. उल्हासनगरला मध्यवर्ती रुग्णालय आहे, कामगार विम्याचे रुग्णालय आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रत्येक वस्तीतून एक अर्ज जाऊ द्या : या रुग्णालयांत दंतविभागात हिरड्यांचे तज्ज्ञ किती दिवस बसतात? गेल्या वर्षी किती दात काढले आणि किती रुग्णांच्या हिरड्यांवर उपचार केले? हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की पक्कड आणि उपचार यांचा हिशेब आपोआप लागेल. मग आमदार, नगरसेवकांना नुसत्या घोषणा ऐकवण्याऐवजी ते आकडे दाखवू.

तिसरे आणि सर्वांत अवघड, आपल्या घरात बघायचे. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली आणि १९९७ मध्ये लक्ष्मीकांत खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. पण आपल्या स्वयंपाकघरातल्या तव्यावर कोणता कायदा येणार? मिश्री आपल्याच घरात भाजली जाते, आपल्याच लेकींच्या हातात दिली जाते. तिने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, गर्भवती मातेच्या बाळाचे वजन कमी भरू शकते. पंचशीलातले पाचवे शील आपण दर पौर्णिमेला घेतो. पुरुषांच्या दारूवर भाषणे करतो. त्याच विहारात मागच्या रांगेत आया-बहिणींच्या कनवटीला मिश्रीची डबी असते, त्याबद्दल कोणी बोलत नाही. त्यांना दटावून उपयोग नाही. चाळीस वर्षांची सवय एका भाषणाने सुटत नाही. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तो क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि त्या पैशात वर्षातून दोनदा दंततपासणी ठेवा. तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांना फक्त एक विनंती करा : तंबाखू खाता का, असे विचारू नका. मिश्री लावता का, असे विचारा.

ताईंनी मिश्री सोडून आता आठ महिने झाले. मध्यंतरी दोनदा डबी परत आली, दोनदा गेली. हिरडी वर आलेली नाही, पण आणखी खालीही गेलेली नाही. मुंबईच्या दंत महाविद्यालयात त्यांनी दाखवले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात देऊन त्यांना त्यांचेच तोंड दाखवले, मराठीत समजावले आणि सध्या कापाकापी नको म्हणाल्या. परवा ताई कोर्टापाशी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, 'दादा, एवढ्या वर्षांत पयल्यांदा कुणी मला माझी हिरडी दाखवली.'

माझ्या आईला तो आरसा कधीच कोणी दाखवला नाही. तुमच्या आईला दाखवा.

जय भीम!